अॅड्रेनलिनचा डोस तोंडपाठ, पण हात छातीवर जाईनात: फार्मसीच्या एका बॅचला बीएलएस शिकवतानाचं प्रकरण

मी फार्माकॉलॉजी शिकवते आणि गेली काही वर्षं फार्मसीच्या मुलांना बीएलएस, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि श्वास देऊन त्याला जगवून ठेवायचं तंत्र, पण शिकवते. एका बॅचबरोबर घडलेला एकच प्रसंग सांगायचाय, जेमतेम दोन-अडीच मिनिटांचा, पण त्यानंतर मी शिकवायची पद्धत मुळापासून बदलली. फार्मसी कॉलेजात हे शिकवणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितेय. मुलांची नावं अर्थातच लिहिणार नाही.

बॅच शेवटच्या वर्षाची, चाळीसच्या आसपास मुलं, अभ्यासाला चांगली. वर्कशॉप दीड दिवसाचं. पहिला दिवस स्लाइड्स आणि व्हिडिओ, दुसऱ्या दिवशी डमीवर प्रॅक्टिस, पण डमी दोनच, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला मोजून तीन-चार मिनिटं आली आणि बाकीचा वेळ सगळे गोल करून बघत उभे. मग लेखी परीक्षा, आणि ती सगळ्यांनी इतकी सुंदर लिहिली की विचारू नका. छातीवर दाब किती खोल, तर ५ ते ६ सेंटीमीटर. वेग, मिनिटाला १०० ते १२०. ३० दाबांनंतर २ श्वास, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, मध्ये थांबायचं झालं तर १० सेकंदांच्या वर नाही. वर न विचारता अॅडव्हान्स्डचं, म्हणजे पुढच्या टप्प्यातल्या औषधांचं, पण लिहिलेलं, अॅड्रेनलिन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी, अमिओडॅरोन आधी ३०० मिलिग्रॅम आणि मग १५०. मला वाटलं, झालं, ही बॅच तयार झाली.

पुढे दहा-बारा दिवसांनी डिस्पेन्सिंग लॅबमध्ये मी न सांगता ड्रिल घ्यायचं ठरवलं. काउंटरच्या पलीकडे डमी शर्ट-पँट घालून आडवा ठेवला, शेजारी मोबाइलवर आचक्यांचा आवाज लावला, म्हणजे हृदय बंद पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत माणूस जो मधूनच घोरल्यासारखा, मासा तडफडावा तसा श्वास ओढतो, तो. आणि प्रॅक्टिकल चालू असताना सहकारी सर ओरडले, "अरे इकडे या, हे पडलेत!"

तीन मुलं सगळ्यात जवळ होती. पहिली, लेखी परीक्षेत सगळ्यात वर असलेली, धावत आली, गुडघ्यावर बसली आणि मनगट धरून नाडी शोधायला लागली, ती शोधतच राहिली. दुसरा म्हणाला "इमर्जन्सी ट्रे कुठाय, अॅड्रेनलिन काढू का?" आणि कपाटाकडे गेला. तिसरा मला शोधायला बाहेर पळाला, मी दारातच उभी होते. बाकीची मुलं भोवती जमली, कोणी मोबाइल हातात घेतलेला पण फोन कोणी लावेना, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने लावला असेल. मधेच पहिली म्हणाली, "मॅडम, श्वास चालूय ना यांचा, आवाज येतोय." मी काहीच बोलले नाही, घड्याळ बघत राहिले. छातीवर पहिला दाब पडायला दीड मिनिटाच्या वर गेलं, आणि तो दाब पण कोपर वाकवून, कसाबसा, कणीक चाचपून बघावी तसा.

दीड मिनिट म्हणजे किती, ते या विषयातल्यांना वेगळं सांगायला नको. सीपीआर, म्हणजे हेच दाब आणि श्वास, मिळत नसेल तर हृदयाला विजेचा शॉक द्यायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरामागे वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घसरते, आणि रक्तपुरवठा थांबल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला सुरुवात होऊ शकते. हेच आकडे त्या मुलीने दहा दिवसांपूर्वी पेपरात बरोब्बर लिहिले होते, म्हणून ते दृश्य बघताना माझ्या पोटात खड्डा पडला. तिला येत नव्हतं असं अजिबात नाही, तिला सगळं येत होतं, पण ते हातात उतरलं नव्हतं.

ड्रिल संपल्यावर मुलं घाबरली होती, एकीच्या डोळ्यात पाणी. रागवायचं नाही हे मी आधीच ठरवलेलं. सगळ्यांना तिथेच फरशीवर बसवलं, मीही बसले आणि एकच प्रश्न विचारला, "त्या वेळी मनात काय चाललं होतं ते सांगा, बरोबर-चूक सोडा." चाळीसेक मिनिटं बोललो आम्ही. खरी केस त्या बोलण्यात उलगडली.

पहिलीने सांगितलं, नाडी लागली नाही तर मी चुकतेय की खरंच नाहीये हेच कळेना, आणि नसेल तर मग पुढचं सगळं माझ्यावर येतं, म्हणून शोधत राहिले. हे ऐकल्यावर जाणवलं, आम्ही नाडी "कशी" बघायची ते शिकवलेलं, मानेतली, जास्तीत जास्त १० सेकंद, आणि तेवढ्यात श्वासावरही नजर, पण "नक्की कळलं नाही तर काय" हे शिकवलंच नव्हतं. उत्तर सोपं आहे, १० सेकंदांत खात्री झाली नाही तर नाही असं धरायचं आणि दाबायला लागायचं. आणि ज्याला नाडी बघायची सवयच नाही त्याने तिच्या नादी लागूच नये, माणूस हाक मारून, खांदे हलवून उठत नाही आणि श्वास नीट नाही, एवढं पुरे आहे. चुकून धडधडत्या हृदयावर थोडे दाब पडले तर मोठं नुकसान व्हायची शक्यता फार कमी, पण बंद हृदयाला दाब मिळाले नाहीत तर तो माणूस जातो.

आचक्यांबद्दल तर जवळजवळ सगळेच फसले. स्लाइडवर "अॅगोनल ब्रीदिंग म्हणजे श्वास नव्हे" असं वाक्य होतं, ते पाठही होतं. पण तो आवाज कोणी कधी ऐकलेलाच नव्हता. ऐकल्याशिवाय ते कळत नाही, माझं आता ठाम मत आहे की याचा आवाज किंवा व्हिडिओ न दाखवता बीएलएस शिकवलं तर ते अर्धवटच.

दुसरा, ट्रेकडे पळालेला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण तो फार्मसीचा खास घोळ आहे. तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं माझं काम औषधाचं." चार वर्षं आपण मुलांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर औषधात शोधायला शिकवतो, मग संकटात हात औषधाच्या कपाटाकडेच जाणार ना! मी त्याला त्याच्याच भाषेत विचारलं, की अॅड्रेनलिन शिरेत दिलंस, पण रक्त फिरतच नाहीये, तर ते हृदयापर्यंत पोचवणार कोण? तो गप्प झाला, मग हळूच म्हणाला, "दाब." तिथून पुढे त्या बॅचमध्ये हे वाक्यच झालं, की दाब हेच औषध पोचवणारं वाहन.

तिसरा म्हणाला, हे डॉक्टर-नर्सचं काम, आपण हात लावला आणि काही झालं तर? मग मी त्यांना छाती दाबायच्या पद्धतीची गोष्ट सांगितली. १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या तिघांनी ही पद्धत मांडली, कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर. यातले ज्यूड सर्जन, पण बाकीचे दोघे इलेक्ट्रिकल इंजिनियर. कुत्र्यांवर डिफिब्रिलेटरचे, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे, प्रयोग चालू असताना लक्षात आलं की शॉकचे जड पॅडल नुसते छातीवर दाबून धरले तरी रक्तदाब थोडा वर जातो, आणि तिथून सगळं सुरू झालं. त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय, की हे कोणीही कुठेही करू शकतं, लागतात ते फक्त दोन हात. ज्या गोष्टीच्या जन्मातच इंजिनियर आहेत ती करायला फार्मसिस्टने परवानगी कोणाची मागायची? हे सांगितल्यावर त्या मुलाचा चेहरा बदललेला मी पाहिला.

आणि एक गोष्ट एका मुलीने सगळे गेल्यावर मागे थांबून सांगितली. "मॅडम, बाई असती तर मुलांनी शर्ट काढला असता का? मलाच संकोच वाटला असता." प्रश्न अगदी खरा आहे. सार्वजनिक ठिकाणी पडलेल्या बायकांना आजूबाजूच्यांकडून सीपीआर मिळायचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी दिसतं, आणि आपले बहुतेक डमी सपाट छातीचे. मी इतकी वर्षं शिकवतेय, एकदाही हे बोलले नव्हते. आता जुनी ब्रा आणि कापडाच्या गुंडाळ्या लावून एक डमी बाईचा केलाय, सगळी मुलं-मुली त्याच्यावरही शिकतात, दाबायला कपडे काढायची गरज नसते पण एईडीचे, म्हणजे शॉक देणाऱ्या छोट्या मशीनचे, पॅड उघड्या त्वचेवरच लागतात हे स्पष्ट सांगते, आणि दोन मैत्रिणींना ओढणी धरून आडोसा करायला सांगते. पहिल्या वेळी हसू येतं मुलांना, दुसऱ्या वेळी कोणी हसत नाही.

आता काय बदललं ते. सगळ्यात आधी क्रम उलटा केला. लेक्चर नंतर, हात आधी. पहिल्या पाच मिनिटांत सगळे फरशीवर. डमी कमी असतील तर दाबायचा सराव घट्ट उशीवरही होतो, दाब किती खोल जातोय ते नीट कळत नाही पण हात, कोपर, खांदे जागेवर येतात. शिकवताना कौशल्य शिकवायच्या पेटनच्या चार पायऱ्या वापरते, आधी मी एक शब्दही न बोलता खऱ्या वेगात करून दाखवते, मग हळूहळू प्रत्येक गोष्ट सांगत, मग मुलं सांगतात आणि मी त्यांच्या सांगण्यावरून करते, शेवटी मुलं स्वतः बोलत करतात. तिसरी पायरी बरेच जण गाळतात, वेळ जातो म्हणून, पण मुलाच्या डोक्यात काय राहिलं नाही ते तिथेच उघडं पडतं. एकाने मला सगळं व्यवस्थित सांगितलं, हात कुठे, किती खोल, किती वेगात, पण हात वर घ्यायलाच सांगितलं नाही, म्हणून मी छाती दाबून तशीच धरून बसले. तो गोंधळला, मग म्हणाला, "सोडा ना मॅडम!" हाच तो रिकॉइल. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही, आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांनाही रक्त मिळतं ते मुख्यतः याच सोडण्याच्या वेळात. त्या पोराला ते जन्मभर लक्षात राहील.

एक छोटीशी गोष्ट, पण मला हिचं फार महत्त्व वाटतं. मोजणी. मुलं एकपासून तीसपर्यंत मोठ्याने मोजायची, आणि दहापर्यंत ताल झकास, पण पुढे एकवीस, बावीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, आकडे लांब होत जातात तसा हात हळू पडायला लागतो. बीप लावून बघितलं, शेवटच्या दहात हमखास रेंगाळतात. मग एक ते दहा असं तीनदा मोजायला लावलं, प्रत्येक फेरीच्या शेवटी फक्त "एक झालं", "दोन झालं" असं शेजारच्याने म्हणायचं. ३० दाब १५ ते १८ सेकंदांत बसायला हवेत, ते बसायला लागले.

बारीक चणीच्या मुलींना पुरेसं खोल दाबता येईना, पुरेसं दाबलं की डमीचं जे क्लिक वाजतं ते वाजेचना. त्यातली एक रडकुंडीला आलेली, "माझ्यात ताकदच नाही." तिच्या मागे बसून मी बघितलं तर ती डमीपासून हातभर लांब बसलेली आणि दंडाच्या जोरावर दाबत होती. गुडघे डमीच्या कुशीला चिकटवायला लावले, खांदे बरोबर हातांच्या वर आणले, कोपरं ताठ, आणि सांगितलं की दाबू नकोस, नुसती कमरेतून पुढे झुक, तुझं वजनच काम करेल. क्लिक! मग परत क्लिक. ती थांबेचना. तिचं ते तोंड मी विसरणार नाही.

भूमिकाही वाटून द्यायला शिकवलं. "कोणीतरी फोन करा" असं म्हणायचं नाही, बोट दाखवून "तू, निळा शर्ट, तातडीचा नंबर लाव, स्पीकरवर ठेव", "तू एईडी आण, परत येऊन मला सांग". ओरडून म्हणायला लावते, कारण आमची मुलं वर्गात इतकी हळू बोलतात की ओरडायचा पण सराव लागतो.

मग प्रसंग फार्मसिस्टच्या आयुष्यातले घेतले, कारण औषधाच्या काउंटरसमोर उभी राहणारी माणसं आधीच हृदयाची, दम्याची, साखरेची असतात, तिथे कोणी कोसळणं ही काल्पनिक गोष्ट नाही. इंजेक्शननंतर अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अॅलर्जी, तिथे मात्र औषधच आधी, मोठ्या माणसाला अॅड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि पेशंटला आडवं ठेवायचं, एकदम उठवून उभं करायचं नाही. ओपिऑइडचा, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा, जास्त डोस झालेला, श्वास मंद, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तिथे त्याचा उतारा नॅलोक्सोन द्यायचंच पण आधी श्वास द्यायला लागायचं, आणि नाडी नसेल तर दाब, नॅलोक्सोनसाठी दाब थांबवायचे नाहीत. म्हणजे औषध कधी आधी आणि हात कधी आधी हे ओळखणं, हे खरं तर फार्मसीच्या मुलांचंच काम आहे, दुसरं कोण त्यांच्याइतकं चांगलं करणार?

याचा सगळ्यात छान नमुना त्याच ट्रेकडे पळालेल्या मुलाने दाखवला. प्रसंग असा, साठीचे गृहस्थ रांगेत कोसळले, सीपीआर चालू, एईडी आलं. मी डमीच्या उजव्या कॉलरबोनखाली एक औषधाचा पॅच चिकटवून ठेवलेला, नायट्रोग्लिसरिन या हृदयाच्या औषधाचा असं लिहून, कोणाला न सांगता. शर्ट उघडला, पॅड लावायला हात गेला आणि तो मधेच थांबला. "पॅच आहे, थांब, तू दाबत राहा." ग्लोव्ह घातले, पॅच सोलून काढला, ती जागा कपड्याने पुसली, मग पॅड, दुसरा डाव्या काखेखाली. वरून बाजूच्याला सांगितलं, की पॅचवर पॅड लावलं तर करंट नीट जात नाही आणि कातडी भाजू शकते, आणि उघड्या हाताने धरला असता तर औषध माझ्याच कातडीतून आत गेलं असतं. हे सगळं होईपर्यंत दाब एकदाही थांबले नाहीत. मला काही बोलताच येईना, नुसती टाळी वाजवली.

तीन महिन्यांनी परत तसंच न सांगता ड्रिल घेतलं, त्याच लॅबमध्ये. पहिली मुलगी योगायोगाने परत जवळ होती. हाक, खांदे हलवले, छातीकडे नजर, आणि "तू फोन, तू एईडी" म्हणत दाबायला लागली, पंधरा सेकंद पण झाले नसतील. आचक्यांचा आवाज चालूच होता, तिने ढुंकून पाहिलं नाही. पण सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. मिनिटभरात तिचे दाब उथळ व्हायला लागले आणि ते तिला कळत नव्हतं, दमल्यावर कळत नाहीच, म्हणून तर दोन मिनिटांनी बदलायचा नियम आहे, आणि दुसरा तिच्या समोर बसूनही बदलायला पुढे झाला नाही, मी खूण केल्यावर आला. श्वास द्यायचं तर चौघांतल्या तिघांचं बिघडलेलं, मान नीट मागे न केल्यामुळे पॉकेट मास्कमधून हवा बाजूला जात होती, छाती वर येतच नव्हती. सर्टिफिकेट दोन वर्षांचं देतात, पण हात इतके दिवस थांबत नाहीत, काही महिन्यांतच कौशल्य उतरायला लागतं हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, तरी वर्षातून एक मोठं वर्कशॉप घेऊन आपण मोकळे होतो.

म्हणून आता मोठं वर्कशॉप छोटं केलंय आणि डमी कपाटातून बाहेर काढून लॅबच्या कोपऱ्यात कायमचा ठेवलाय. दर महिन्याच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सुरुवातीची दहा मिनिटं त्याचीच, प्रत्येकाने दोन मिनिटं दाबायचं, समोरच्याने वेळ बघायची आणि "बदल" म्हणून हक्काने हात बाजूला करायचे. लेखी परीक्षा अजून आहे, पण मार्क आधी हाताचे, मग पेपरचे. विभागात काहींना ही दहा मिनिटं जास्त वाटतात, सिलॅबस मागे पडतो म्हणतात, तो वाद चालू आहे आणि मी तो सोडणार नाही. श्वास द्यायच्या भागाला अजून पुरेसा वेळ मिळत नाहीये, लहान मुलाच्या घशात काही अडकलं तर काय, पाठीवर पाच थापा आणि मग पोटाचे पाच दाब, तान्ह्या बाळाला पोटाऐवजी छातीवर, हे तर एकदाच झालंय. पुढच्या महिन्यात तिथून सुरुवात करणार आहे, आणि ज्या मुलीने नाडी शोधत दीड मिनिट काढलं होतं, तिने आपणहून विचारलंय, की ज्युनियरना शिकवायला मी येऊ का. तिला तिसरी पायरी दिलीय, ज्युनियर सांगतील तसंच करायचं, काही राहिलं तरी आपण होऊन सुधारायचं नाही.